पालथा हात

कागदावर डावा हात पसरून ठेवायचा, उजव्या हातातली पेन्सिल बोटांच्या कडेकडेने फिरवायची आणि तयार झालेला आकार कात्रीने कापायचा, असा माझ्या भाचीचा त्या दुपारचा उद्योग चालला होता. नखंही काढली होती, प्रत्येक नखावर चंद्रकोर. दोन हात कापून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की दोन्ही डावेच आहेत. आता उजवा कसा काढायचा? डाव्या हाताने पेन्सिल तिला धरता येत नव्हती. तिने एक हात टेबलावर सरकवला, गोल फिरवला, बोटं स्वतःकडे केली, परत उलटी केली. अंगठा काही हवा त्या बाजूला येईना. मग वैतागून तो उचलला आणि पालथा टाकला. झाला उजवा! नखं मात्र टेबलाकडे गेली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बघ, टेबलावर कितीही फिरवला तरी डावा हात डावाच राहिला. उजवा करायला तुला तो टेबलावरून उचलावा लागला. तसाच तुझा खरा हातमोजा उचलून कुठेतरी पालथा करता आला, तर डाव्याचा उजवा होईल. पण त्यासाठी आणखी एक मिती लागेल. चौथी."

"आतली बाजू बाहेर करायची?"

"नाही, तसं नाही. न उलटता."

"मग ती चौथी मिती कुठे असते, मामा?"

इथे मी घाण केली. शाळेत एका सरांनी मला दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं तिला दिलं: "चौथी मिती म्हणजे काळ."

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे हातमोजा तासभर ठेवून दिला की उजवा होतो?"

त्या सरांना मी हे कधी विचारलं नव्हतं. 'चौथी मिती म्हणजे काळ' हे वाक्य इतकी वर्षं बाळगलं, पाचपंचवीस जणांना ऐकवलं, आणि ते एकदाही उलटून पाहिलं नाही.

तिच्या 'कुठे'पासूनच सुरुवात करतो. गोंधळ त्या शब्दातच आहे, आणि तो तिचा नव्हे, माझा. 'चौथी मिती' म्हटलं की आपल्याला एखादी जागा दिसते, भिंतीपलीकडची. भुताखेतांच्या गोष्टींत माणसं 'दुसऱ्या मितीत' जातात तशी. मिती म्हणजे जागा नव्हे. नीट पाहिलं तर ती दिशाही नव्हे. खोलीच्या कोपऱ्यात तीन कडा एकत्र येतात. त्यातली तिसरी मिती कोणती? उभी कड? मग खोलीऐवजी खोका घ्या आणि आडवा पाडा. मघाची उंची आता लांबी झाली. 'तिसरी मिती' असं नाव लावता येईल अशी एकही कड तिथे नाही. मिती 'तीन' आहेत, 'तिसरी' अशी कुठेच नाही. मिती ही मोजणी आहे: एखाद्याला नेमकं ठिकाण सांगायचं तर किमान किती आकडे सांगावे लागतील? दोरीवरच्या गाठीला एक, जमिनीवरच्या खुणेला दोन, खोलीत लटकणाऱ्या दिव्याला तीन. ठिकाण असं आकड्यांनी सांगायची सवय आपल्याला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीपासून लागली. आधीच्या लोकांना आकार कळत होते, पण त्यांच्या मनात आकड्यांची संख्या नव्हती. युक्लिडने रेषेला 'रुंदी नसलेली लांबी' म्हटलं, तेव्हा तो काय नाही ते सांगत होता.

आकडे मोजायचे म्हटल्यावर मग चारच का, चाळीसही घेता येतात. हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग ही चार मापं म्हणजे चार मितींमधला एक बिंदू. त्यात गूढ काही नाही. जर्मन गणितज्ञ रीमानने १८५४ मध्ये गटिंगेन विद्यापीठातल्या व्याख्यानात हेच केलं: कितीही मितींचं अवकाश कल्पा, आणि त्यात अंतर कसं मोजायचं एवढं ठरवा, भूमिती आपोआप उभी राहते. ते व्याख्यान छापून आलं १८६८ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी.

पण डोळ्यांना काहीतरी हवं असतं. म्हणून आपण खालच्या मितीचं बोट धरून वर जायला बघतो, मी भाचीला कागदी हातावरून हातमोज्याकडे नेलं तसं. हे बोट बहुतेकदा भरवशाचं असतं. रेघेची टोकं २, चौरसाचे कोपरे ४, घनाचे ८. मग चार मितींच्या घनाचे १६. कडांचा हिशेब जरा मजेशीर आहे. जुना आकार उचलून शेजारी ठेवला की त्याच्या कडा दुप्पट होतात, आणि प्रत्येक जुना कोपरा सरकताना स्वतःची एक नवी कड ओढतो. चौरसाच्या ४ कडा, दुप्पट ८, अधिक ४ कोपऱ्यांच्या ४, मिळून घनाच्या १२. पुढे २४ अधिक ८, म्हणजे ३२. मी एकदा रात्री वहीत हा चतुर्मितीय घन काढायला बसलो होतो. एकात एक दोन घन, सगळे कोपरे जोडलेले. बत्तीसच्या बत्तीस रेघा मोजून घेतल्या, आणि तो आकार मला तेव्हाही दिसला नाही, आजही दिसत नाही. पण त्याच्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला देता येतात. दिसणं आणि कळणं यांत किती फरक आहे, ते त्या रात्री वहीवर डोकं ठेवून झोपताना जाणवलं.

आणि हे बोट कधी कधी दगाही देतं. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये त्रिकोणाचं क्षेत्रफळ अचूक सांगितलं: पाया गुणिले उंची, त्याचं अर्धं. पुढच्याच ओळीत तो सहा कडांच्या घनाकडे, म्हणजे चार त्रिकोणांनी बंद झालेल्या सूचीकडे वळतो, आणि तिथेही 'अर्धं'च म्हणतो: तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, त्याचं अर्धं. हे चूक आहे. खरं उत्तर एक तृतीयांश. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये सूचीच्या घनफळासाठी तिनाने भागायला सांगितलं, ते बरोबर.

आर्यभटासारखा माणूस इथे का घसरला असेल? मला तरी वाटतं, तो आपल्यासारखाच बोट धरून चालत होता. सपाटीवर निमुळता आकार चौकटीच्या निम्मा भरतो, मग उभारलेला निमुळता आकारही निम्माच भरणार, हे इतकं साहजिक वाटतं की तपासावंसं वाटतच नाही. पण उभ्या सूचीत वर जाताना लांबीही आटते आणि रुंदीही. दोन्ही बाजूंनी गळती. म्हणून दोन मितींत अर्धा, तीन मितींत एक तृतीयांश, चार मितींत एक चतुर्थांश. खालच्या मितीतून वर न्यायचा होता तो 'अर्धा' हा आकडा नव्हेच. तो दोन कुठून आला, हे न्यायचं होतं. या चुकीबद्दल मला आर्यभटाविषयी आपुलकीच वाटते. हातमोजा तासभर ठेवून उजवा करणाऱ्यांच्या पंगतीत मी एकटा नाही.

वर जाताना काय काय बिघडतं याची मला एकेकाळी चटकच लागली होती. सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेले घनाकार तीन मितींत पाच आहेत, हे ग्रीकांपासून ठाऊक. चार मितींत सहा. मग पाच मितींत सात असतील? नाही, फक्त तीन. आणि तिथून पुढे कितीही वर जा, तीनच. चौकटीत बसवलेल्या चेंडूचंही तसंच. चौरसात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ ७८.५ टक्के जागा व्यापतं, घनात बसणारा गोल ५२.४ टक्के, चार मितींत तो ३०.८ वर येतो, आणि दहा मितींत जेमतेम पाव टक्का. चेंडू सगळ्या भिंतींना टेकलेला असतो आणि तरीही खोका जवळजवळ रिकामा. सगळी जागा कोपऱ्यांत गेलेली असते. दहा मितींच्या खोक्याला कोपरे १०२४.

इतका वेळ मी 'किती आकडे लागतात' या व्याख्येवर निर्धास्त विसंबून बोलतो आहे. ती व्याख्या एकोणिसाव्या शतकात धाडकन कोसळली होती, हे सांगायला हवं. १८७७ मध्ये कँटर या जर्मन गणितज्ञाच्या लक्षात आलं, की चौरसातला कुठलाही बिंदू एकाच आकड्याने सांगता येतो. समजा बिंदूचे दोन आकडे ०.३७१९ आणि ०.२८५० असे आहेत. त्यांचे अंक वेणीसारखे एकाआड एक गुंफा: ०.३२७८१५९०. एकच आकडा, आणि तो उलगडला की दोन्ही परत हातात. याचा अर्थ एका रेघेत जितके बिंदू, तितकेच अख्ख्या चौरसात, आणि तितकेच घनात. कँटरने आपला गणितज्ञ मित्र डेडेकिंड याला पत्रात कळवलं: मला हे दिसतंय, पण माझा यावर विश्वास बसत नाही. डेडेकिंडने आधीच्या युक्तीत एक बारीक खोट काढली होती; कँटरने ती दुरुस्त केली, निष्कर्ष तसाच राहिला. भर म्हणून १८९० मध्ये पेआनोने एक अशी वळणावळणाची रेघ दाखवली, की ती कुठेही न तुटता चौरसाच्या प्रत्येक बिंदूवरून जाते. रुंदी नसलेल्या लांबीने सगळी रुंदी भरून काढली!

मग मिती उरली कुठे? ती वाचली जवळिकीमुळे. कँटरची वेणी शेजाऱ्यांची ताटातूट करते: चौरसात एकमेकांना खेटून असलेले बिंदू रेघेवर कुठच्या कुठे फेकले जातात. पेआनोची रेघ शेजार सांभाळते, पण काही बिंदूंवरून पुन्हा पुन्हा जाते. एकही बिंदू दोनदा न मोजता आणि शेजारही न मोडता रेघेचा चौरस करता येत नाही, हे ब्राउवरने १९११ मध्ये सिद्ध केलं. त्याच वर्षी लेबेगने मिती ओळखायची जी खूण सुचवली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण ती कुठल्याही विटांच्या भिंतीवर दिसते. गवंडी वीट ठेवतो ती खालच्या सांध्यावर, जोड सोडून. भिंतीच्या दर्शनी बाजूवर कुठल्याही सांध्यावर बोट ठेवा, तिथे तीन विटा भेटतात. रांगेवर रांग सरळ ठेवली असती तर चार भेटल्या असत्या; विटा सरकवून चाराच्या तीन करता येतात. पण तिनाच्या दोन? विटा पुरेशा लहान असतील, तर कितीही आकार बदला, कशाही रचा, कुठेतरी तिघी भेटणारच. रेघेचे तुकडे केले तर एका जागी दोनच भेटतात. घन भरायचा झाला तर चार ठोकळे भेटणं टळत नाही. भेटणाऱ्यांच्या संख्येतून एक वजा करा, ती मिती. आकडे नकोत, मोजपट्टी नको, लंब नको. तेव्हापासून विटांच्या भिंतीजवळून जाताना माझं बोट आपोआप एखाद्या सांध्यावर टेकतं.

मिती अपूर्णांकातही असू शकते, हे हाउसडॉर्फने १९१८ मध्ये दाखवलं. कॉखच्या काटेरी रेघेची मिती सुमारे १.२६ येते, रेघेहून जास्त आणि पृष्ठाहून कमी. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे नुसता नमस्कार करून पुढे जातो.

आपल्या वाट्याला तीनच का आल्या, याचं अंतिम उत्तर कुणापाशी नाही. पण तीन नसत्या तर काय गेलं असतं, हे सांगता येतं. बुटाच्या नाडीची गाठ गेली असती. सपाटीत दोरी स्वतःवरून ओलांडूच शकत नाही, त्यामुळे तिथे गाठ बसत नाही. चार मितींत बसते, पण टिकत नाही: अडलेला पदर चौथ्या बाजूने किंचित उचलायचा, पलीकडे ठेवायचा, गाठ सुटली. गाठ मारता येणं आणि ती मारलेली राहणं, हे फक्त तीन मितींत जमतं. ग्रहांच्या कक्षांचंही तसंच. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटतं, कारण ते पसरतं त्या गोलाचं पृष्ठ अंतराच्या वर्गाने वाढतं. चार मितींत ते घनाने घटलं असतं, आणि मग ग्रहाला जरासा धक्का लागला की तो सूर्यात तरी पडला असता किंवा कायमचा निघून गेला असता. हे एरेनफेस्टने १९१७ मध्ये मांडलं. उलट, भरकटलेल्याला तीनही मिती जास्तच होतात. चौकांच्या अमर्याद जाळ्यात प्रत्येक चौकात नशिबावर हवाला ठेवून वळत गेलात, तर कधी ना कधी निघाल्या जागी परत येणार हे नक्की. त्या जाळ्याला वर-खालीही रस्ते फुटले, तर परतण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के उरते. पोल्याचं हे १९२१ सालचं गणित वाचलं, तेव्हा मला पाखरांची काळजी वाटली होती.

आता काळ. भाचीला दिलेलं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं, त्याला वंशावळ आहे. दालांबेरने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या 'मिती' या नोंदीत लिहून ठेवलं आहे, की माझ्या ओळखीच्या एका हुशार गृहस्थाच्या मते काळाला चौथी मिती मानता येईल. गृहस्थाचं नाव त्याने दिलं नाही. आपल्या भाषेने तर या दोघांची गाठ कधीच मारून ठेवली आहे. जुन्या पत्रांवर, दस्तांवर तारखेच्या जागी 'मिती' लिहीत, आणि त्रिकोणमितीत मिती म्हणजे माप. पुढचं वळण तसा पुढचा आठवडा; मागची भिंत तसं मागचं वर्ष.

मोजायला गेलं तर काळाचा आकडा लागतोच. 'जिन्याखाली भेटू' एवढ्याने भेट होत नाही, किती वाजता तेही सांगावं लागतं. फोनवर आपलं ठिकाण दाखवणारा निळा ठिपका याची साक्ष रोज देतो. पृथ्वीवरचं स्थान तीन आकड्यांचं, तर तीन उपग्रह पुरायला हवेत. लागतात चार. फोनमधलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं नेमकं नसतं, त्यामुळे 'आत्ता नेमके किती वाजले' हा चौथा अज्ञात आकडाही त्याच समीकरणांतून सोडवावा लागतो. कुठे आणि केव्हा ही दोन उत्तरं एकदमच येतात. त्यातून उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. गुरुत्व कमी म्हणून पुढे, वेग जास्त म्हणून थोडी मागे, त्याची ही गोळाबेरीज. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरच्या वर जातो. ही चूक आधीच धरली नसती तर निळा ठिपका काही तासांतच भलत्या गल्लीत जाऊन उभा राहिला असता.

१९८३ पासून तर लांबीचं मापच काळातून निघतं: प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितका जातो, तो मीटर. कंपासपेटीबाहेर राहणारी ३० सेंटिमीटरची पट्टी म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात एक नॅनोसेकंद. मी ती पट्टी भाचीला दाखवून म्हटलं, "हा बघ काळ." तिने पट्टी घेतली आणि पाठ खाजवली.

पण तिच्या हातमोज्याचं काय? इथे त्या शाळेतल्या वाक्यात राहून गेलेली गोष्ट येते: एक वजाचं चिन्ह. गणितज्ञ मिंकोव्स्कीने सप्टेंबर १९०८ मध्ये जर्मनीतल्या कलोनला सांगितलं, की यापुढे नुसतं अवकाश आणि नुसता काळ सावल्यांसारखे विरून जातील, टिकेल ते दोघांचं एकत्र रूप. चार महिन्यांच्या आत तो वारला, वय ४४. त्याच्या या एकत्र रूपात अंतर काढायचं ते पायथागोरसच्याच धर्तीवर, वर्गांची बेरीज करून. पण लांबी, रुंदी, उंचीचे वर्ग मिळवायचे आणि काळाचा वर्ग वजा करायचा. एवढ्याशा आडव्या रेघेने काळ पंक्तीत बसूनही वेगळा राहतो. अवकाशात सरळ वाट सर्वांत छोटी. अवकाशकालात उलटं: दोन भेटींच्या मध्ये जो सरळ, म्हणजे कुठलाही धक्का न खाता गेला, त्याच्या घड्याळात सर्वांत जास्त वेळ जातो. वळसा घालून आलेला तरुण राहतो.

आणि वळण्याचंही तसंच. खोका आडवा पाडला की उंचीची लांबी होते, आणखी पाडला की डोकं खाली, पुरतं उलटं. कागदी हात पालथा झाला तो असाच, अर्धा फेरा मारून. पण काळाकडे वळायला गेलं तर फेरा पूर्ण होत नाही. वेग वाढवत न्या, काळाचा अक्ष कलत जातो, प्रकाशाची वाट दाखवणाऱ्या रेषेकडे सरकतो, आणि तिच्याशी पोचतच नाही. पलीकडे जाऊन पालथं पडायला वाटच नाही. मोबियसने १८२७ मध्ये डाव्या-उजव्या आकारांना एकमेकांवर बसवण्यासाठी जी चौथी मिती कल्पिली, ती अवकाशाची होती, बेरजेच्या चिन्हाची. आणि तशी आपल्याकडे नाही, असं तोही म्हणत होता.

हे सगळं मी तिला सांगितलं का? छे. "तासभर ठेवून काही होणार नाही, मी चुकीचं सांगितलं," एवढंच म्हणालो. तिला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिचं काम अडलं होतं ते नखांपाशी. पालथ्या हाताच्या वरच्या बाजूला नखं नव्हती, आणि नखांशिवाय तो तिला तळवा वाटत होता, म्हणजे परत डावाच. तिने पेन्सिल उचलली आणि कोऱ्या बाजूवर पाच नखं काढली, चंद्रकोरींसकट.

तो हात ती इथेच विसरून गेली. मी तो वाचत असलेल्या पानात खूण म्हणून ठेवतो. डावीकडच्या पानावर ठेवला तर डावा असतो, पान मिटून पलीकडून उघडलं की उजवा.